सात बांगड्या

शकुनला कोणी पुढारीण म्हटलं असतं तर ती हसली असती, आणि हसतानाही तिचा उजवा हात थांबला नसता. अमरावतीच्या कापूसबाजाराला लागून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या कुडाचा एक लांब मांडव होता. त्यात वीस रेचे चालत. रेचा म्हणजे एकमेकींना घासत फिरणाऱ्या दोन लाटा, म्हणजे लाकडी रूळ. एका बाईनं मूठ फिरवायची, दुसरीनं कापूस भरायचा. रुई पलीकडे पडते, सरकी अलीकडे. शकुन मूठ फिरवणारी होती. सूर्य उगवायच्या वेळेला ती मूठ धरायची आणि मावळताना सोडायची. मध्ये भाकरीपुरती सुटी.

ते १८६४ सालचं वऱ्हाड होतं. दूर समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटली होती, तिथला कापूस यायचा थांबला होता, म्हणून इथल्या कापसाला कधी नव्हे तो मान आला होता. ज्वारीच्या शेतात कापूस, अंगणात कापूस, देवळाच्या पायरीवर कापूस. अमरावतीहून अकोल्याकडे गाड्यांची रांग लागायची. एक गाडी नजरेआड होईतो दुसरी नजरेत यायची. या गाड्यांनी बैल इतके खाल्ले की माळी लोकांना मोटेसाठी बैल मिळेना. शकुनच्या घरच्या मोटेचा एक बैल पोळ्यानंतर मेला. तिचा नवरा गोवर्धन एका बैलावर अर्धाच मळा भिजवत होता. दुसरा बैल यायचा तो रेच्याच्या मजुरीतूनच येणार होता. म्हणून शकुननं भाजीची टोपली सासूच्या, गंगूबाईच्या, डोक्यावर दिली आणि स्वतः मांडवात गेली.

मांडवात जागा मिळणं सोपं नव्हतं. दाराशी रोज सकाळी पाच-सहा बाया नुसत्या उभ्या असत, कोणी आली नाही तर तिच्या जागी बसायला. शेषराव मुकादमाचा एकच नियम होता, आणि तो दिवसातून दोनदा मोठ्यानं सांगायचा. "ज्या रेच्यावर दोघी दिसनार नाही, तो रेचा दुसऱ्या दोघीले." शकुनची जोडीदारीण मैनाबाई पन्नाशीची कुणबीण होती. ती कापूस भरताना त्याच्याकडे न बघताच म्हणायची, "आयकलं बापा. कान हायेत आमाले."

बाजाराच्या पूर्वेला विहीर होती. विहिरीपासून कडुनिंबाच्या सावलीत भाजीवाल्यांची ओळ बसे. चाळीस बाया. विहीर जवळ म्हणून मेथी-पालकावर पाणी मारता यायचं आणि भाजी दुपार उलटेपर्यंत तग धरायची. त्या मोसमात कापसाच्या गाड्या सावलीसाठी तिथंच सुटू लागल्या. एके दुपारी एका बैलानं गंगूबाईची मेथीची टोपली सगळी खाल्ली. गाडीवान वर तिलाच म्हणाला, "बुढे, तुह्या भाजीसाठी बाजार हाय का आता? कापूस पिकते इथं, कापूस."

शकुन भाकरीच्या सुटीत विहिरीवर पाणी प्यायला आली होती. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मंग खाऊन दाखव. भाकरीवर घे मूठभर कापूस, आन् खाऊन दाखव."

ओळ हसली. गाडीवानही हसला आणि बैल सोडून घेऊन गेला. तेवढ्या एका वाक्यानं शकुन ओळीची झाली. काही बिनसलं की बाया म्हणू लागल्या, "शकुनले सांगू."

पौषात दवंडी पिटली. विहिरीजवळची जागा कापसाच्या गासड्या ठेवायला द्यायची आहे. भाजीबाजार अंबानाल्याच्या पलीकडे जाईल. कोणाची हरकत असेल तर त्यानं संक्रांतीच्या आत कचेरीत अर्ज द्यावा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः जागा पाहतील. नाल्यापलीकडे उघडा माळ होता. विहीर नव्हती, झाड नव्हतं. तिथं मेथी सकाळी उतरवली की दहा वाजता तिचं गवत होणार. चाळीस घरांचं पोट त्या सावलीवर होतं, आणि शकुनचं घर त्यातलंच एक.

अर्ज कधी करायचा, हाच प्रश्न होता. दिवस रेच्याचा होता. शकुनजवळ स्वतःचे म्हणता येतील असे दोनच तुकडे उरत. एक पहाटेचा, बाया विहिरीवर भाज्या धुवायला येत तेव्हाचा. दुसरा भाकरीच्या सुटीचा. पहाटे ती एकेकीला समजावायची, आणि सुटीत भाकरी हातात धरून चालता चालता खायची. त्या पंधरवड्यात ती बसून जेवली असेल असं वाटत नाही. कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्यानं दोन जुड्या पालक घेऊन अर्ज लिहून दिला. खाली चाळीस नावं लिहिली आणि प्रत्येक नावापुढं जागा सोडली. लिहिता न येणारा शेतकरी तिथं नांगर काढतो, बाई बांगडी काढते. ही जुनी रीत होती. नांगराला निदान चार रेघा लागतात. बांगडी म्हणजे नुसता एक गोल.

शकुन दौत आणि बोरू घेऊन तीन पहाटे ओळीत फिरली. तेहतीस जणींनी काढली. कोणाची बांगडी चपटी झाली, कोणाची अंड्यासारखी, एकीची तर इतकी मोठी की खालच्या नावाला आत घेऊन बसली. उरल्या सात. त्यातली पहिली गंगूबाईच.

"तूच टाक वं माही," गंगूबाई म्हणाली आणि वांगी पुसत राहिली.

दुसरी म्हणाली, "माह्ये हात वले हायेत." तिसरी म्हणाली, "तुह्या हातची अन् माह्या हातची काय येगळी हाय?" मांडवाच्या दिशेनं शेषरावाची हाक येत होती. शकुननं विचारलं नाही. उभ्या उभ्या, एका दमात, तिनं सात गोल काढले आणि पळाली. अर्ज त्याच दुपारी कचेरीत दिला.

भोगीच्या आदल्या दिवशी तिला कचेरीतून बोलावणं आलं. ती सुटीत गेली. उत्तमराव नावाचे कारकून अर्ज पुढ्यात घेऊन बसले होते. चष्म्यावरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"काम काय करतेस?"

"रेच्यावर हावो, महाराज."

"मूठ फिरवतेस की कापूस भरतेस?"

"मूठ."

"वाटलंच." त्यांनी बोरूच्या टोकानं एकेक गोल दाखवला. "ही बघ. ही. ही. आणि ही. गोल पुरा झाला, तरी हात थांबलेला नाही. रेघ तशीच पुढं गेली आहे, शेपटीसारखी. सगळ्यांची बांगडी मिटते तिथं संपते. या सात बांगड्या संपतच नाहीत. या एका हाताच्या आहेत, आणि तो हात दिवसभर काहीतरी गरगर फिरवणारा आहे."

शकुननं कागदावर वाकून पाहिलं. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलंच नाही, असं नाही. पण शाईतली ती शेपटी तिला आता स्वतःलाही दिसत होती.

"मीच काढल्या," ती म्हणाली. "त्याईनं सांगतलं तूच काढ म्हून."

"सरकारात 'सांगितलं म्हणून' चालत नाही. दुसऱ्याची निशाणी काढणं म्हणजे खोटा कागद. सात खोट्या निघाल्या की उरलेल्या तेहतिसांवरही कोणी विश्वास ठेवत नाही." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "अजून मी वर कळवलेलं नाही. उद्या दिवस मावळताना अर्ज बांधून पुढं जाईल. त्याच्या आत या सात जणींनी माझ्यासमोर स्वतःच्या हातानं निशाणी करायची. नाहीतर मी कागदच बाजूला ठेवीन. तुझ्या भल्यासाठीच."

उद्या भोगी. वर्षातला भाजीचा सगळ्यात मोठा दिवस. वांगी, गाजरं, वालाच्या शेंगा, तुरीचे हिरवे सोले घ्यायला सगळं गाव ओळीवर लोटणार. त्या दिवशी कोणती बाई टोपली सोडून कचेरीत येईल? आणि शकुन तरी रेचा सोडून त्यांना आणायला कशी जाईल?

दिवेलागणीला ती घरी आली तेव्हा गंगूबाई अंगणात उद्याची गाजरं धूत होती. शकुन तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आत्याबाई, तुमी काहून नाही काढली निशानी?"

"तूनं काढली न."

"तुमी काहून नाही काढली?"

गंगूबाईनं गाजर पाण्यात सोडलं. मग दोन्ही हात कोपरापर्यंत पुढं केले. ओले, सुरकुतलेले, मोकळे हात. "हे पाह्य. सोळा वर्सं झाली बांगडी फुटून. कागदावर काढू म्हन्तं? कोनत्या हातानं काढू?"

शकुनला बाकीची सहा नावं एकेक करून आठवली. सहाही जणींचे हात तसेच बिनबांगड्यांचे होते. ओले हात हे नुसतं निमित्त होतं, कोणालाच शाईची भीती नव्हती. सात विधवा एका रीतीपुढं अडल्या होत्या आणि त्यांनी ते तिला आपापल्या पद्धतीनं सांगितलं होतं. ऐकायला तिला वेळ नव्हता. ज्या बायांसाठी ती धावत होती त्यांच्याच समोरून धावत पुढं गेली होती.

"मले सांगाचं तं होतं," ती म्हणाली.

"तू उभी राह्यली असती तं सांगतलं असतं," गंगूबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं पुन्हा गाजर उचललं.

सकाळी मांडवात शिरतानाच शकुननं मैनाबाईला सगळं सांगितलं. मैनाबाईनं लाटांवरचे कालचे रुईचे तंतू झटकले आणि म्हणाली, "मंग इथं काय करून राहिली? जाय न."

"शेषरावभाऊ रेचा काढून घेईन."

"तो पाह्यन तवा पाह्यन. जाय."

"तुमी एकट्या कशा..."

"उजव्या हातानं फिरवीन, डाव्या हातानं भरीन. दोन हात देवानं कायले देल्ले? जाय वं, माह्या तोंडाकडं पाहू नको."

त्या दिवशी मांडवात काय झालं ते शकुननं पाहिलं नाही. तिला मागाहून विसांनी वीस तऱ्हांनी सांगितलं. मैनाबाई एका हातानं मूठ फिरवत होती आणि दुसऱ्या हातानं कापूस लाटांत सारत होती. रेचा चालत होता, पण रुई निम्मीच पडत होती. शेषराव फिरत फिरत आला आणि उभा राहिला.

"शकुन कुठं हाय?"

"नाल्यावर गेली. पोट बिघडलं तिचं."

"भोगी खायाच्या आधीच बिघडलं?"

"काई काई जनींचं आधीच बिघडते."

शेषरावानं दाराशी उभ्या असलेल्या बायांकडं पाहिलं. मग मैनाबाईच्या घामाकडं पाहिलं. "पोट बरं झालं का सांग," असं म्हणून तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि दिवसभर तिकडंच काही ना काही मोजत बसला. तो गेल्यावर शेजारच्या रेच्यावरची बाई उठली, आपल्या ढिगातली मूठभर रुई मैनाबाईच्या ढिगावर टाकून परत जाऊन बसली. मग तिच्या पलीकडची. मग समोरची. दुपारपर्यंत शकुनचा ढीग बाकीच्यांच्या ढिगाएवढा झाला होता.

इकडं शकुन ओळीत उभी होती आणि गर्दीत एकच माणूस शोधत होती. रात्रभर विचार करून तिला एवढंच सुचलं होतं: कारकून असला तरी त्याच्या घरीही भोगी असणार. तिसऱ्या प्रहरी उत्तमराव हातात पिशवी घेऊन आलेच. वांगी दाबून पाहत होते.

"महाराज," शकुननं पुढं होऊन हात जोडले, "त्या साती जनी इथंच हायेत. तुमच्यासमोर."

"इथं? कचेरीचं काम कचेरीत होतं, बाई."

"तुमी म्हनले, तुमच्यासमोर. कचेरीत म्हनले नव्हते."

उत्तमरावांनी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाले, "कागद कचेरीत आहे."

"जाऊन आना. तवरक तुमची वांगी मी निवडून ठेवतो. एक किडकं निंघालं तं अर्ज फाडून टाका."

ते गेले, आणि आले. पालथ्या टोपलीवर बसून त्यांनी मांडीवर अर्ज पसरला. शकुननं दौत धरली. गंगूबाई पुढं आली आणि तशीच उभी राहिली.

"काढा आजी, बांगडी."

"मी बांगडी नाही काढनार," गंगूबाई म्हणाली.

उत्तमरावांनी वर पाहिलं. तिच्या कपाळाकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं. मग अर्जावरच्या त्या सात गोलांकडं पुन्हा एकदा, बराच वेळ पाहिलं. तिच्यापुढं केलेला बोरू त्यांच्या हातात तसाच राहिला होता.

"असं होय," ते हळूच म्हणाले. "कागद मी आठवडाभर पाहतोय, पण हे मला दिसलं नाही." मग घसा साफ करून, कचेरीतल्या आवाजात: "निशाणी म्हणजे ज्याची त्यानं केलेली खूण. बांगडीच पाहिजे असं कुठल्याही हुकमात नाही. तुम्हाला काय काढता येतं?"

"काढत मले काईच नाही येत. पन वांगं मले ठाव हाय. चाळीस वर्सं इकून राहिली."

तिनं बोरू खुरप्यासारखा मुठीत धरला आणि जीभ बाहेर काढून वांगं काढलं. ओळीतल्या बाया वाकून पाहू लागल्या.

"माय वं, वांगं हाय का उंदीर?"

"शेपूट वरतं हाय न, मंग वांगंच."

"हसा," गंगूबाई म्हणाली. "तुमच्या बांगड्या तरी कुठं गोल हायेत?"

उत्तमरावांनी तिच्या नावापुढचा जुना गोल खोडला आणि सुवाच्य मोडीत लिहिलं: निशाणी वांगे. मग दुसरीनं मुळा काढला. तिसरीनं खुरपं. एकीनं नुसत्या तीन उभ्या रेघा काढल्या आणि त्या गाजरं आहेत असं ठासून सांगितलं. उत्तमरावांनी तेही लिहिलं. सातवी होईतो ऊन उतरलं होतं. त्यांनी वाळू टाकून शाई सुकवली, अर्जाची घडी केली, आणि वांग्यांचे पैसे देऊ लागले. गंगूबाई घेईना. ते म्हणाले, "घ्या आजी. नाहीतर उद्या मलाच कोणी खोटा कागद म्हणेल."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी साहेब घोड्यावरून जागा पाहायला आले. शकुन तिथं नव्हती. एक दिवस बुडवला होता, दुसरा बुडवायची तिची हिंमत नव्हती आणि तसा हक्कही तिला वाटत नव्हता. कुडाच्या फटीतून तिला घोड्याचे पाय दिसत होते आणि निंबाच्या बुंध्याजवळ बायांची लुगडी. बोलणं ऐकू येत नव्हतं. ती मूठ फिरवत राहिली. घोड्याचे पाय विहिरीपर्यंत गेले, थांबले, परत आले, पुन्हा थांबले. असं बराच वेळ चाललं.

भाकरीच्या सुटीत रेचे थांबले आणि गंगूबाई मांडवाच्या दारात उभी दिसली. मागं ओळीतल्या आठ-दहा जणी, सगळ्यांच्या डोक्यावर टोपल्या.

"काय झालं आत्याबाई?"

"साहेबानं इचारलं, वांगं कोन हाय म्हून. मी म्हनलं, मी हावो. मंग तो हसला. मंग त्यानं इहीर पाह्यली. त्या कारकुनानं त्याले काय काय सांगतलं, ते इंग्रजी होतं." गंगूबाईनं श्वास घेतला. मुद्दाम घेतला असं शकुनला वाटलं. "नाल्याच्या तिकडं इहीर खंदल्याबिगर आपली ओळ हालत नाही. तवरक गाड्या तिकडं, आपन इकडं. हुकूम झाला."

ती विहीर पुढं कित्येक वर्षं कोणी खणली नाही. पण त्या क्षणी शकुनला एवढं लांबचं दिसत नव्हतं. तिनं कुडाला पाठ टेकली. बाया मांडवात शिरल्या आणि एकेका रेच्यापाशी भाजी ठेवू लागल्या. वीस रेचे, चाळीस बाया. कोणाला मेथी, कोणाला शेंगा.

"कामाच्या जागी बाजार काहून मांडला?" शेषराव ओरडत आला.

"तुमचंबी हाय, मुकादम," गंगूबाई म्हणाली आणि चार वांगी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. "पोट बरं हाय न आता?" त्यानं शकुनला विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

शकुन पुढंही बरीच वर्षं ओळीची कामं करत राहिली. गटारासाठी, सावलीच्या छपरासाठी, एकदा तर नुसत्या एका कुदळीसाठी. बैल आला, मळा पुरा भिजू लागला, तरी मोसमात ती रेच्यावर येत राहिली. पण त्या भोगीनंतर तिनं एक गोष्ट कायमची बदलली. कोणी "तूच टाक" म्हटलं की ती हातातलं काम खाली ठेवायची, समोर बसायची आणि विचारायची, काहून.

त्या दिवशीची भाकरीची सुटी संपत आली. बाया उठू लागल्या. मैनाबाईचे दोन्ही तळहात सोलले होते, ते तिनं पदराखाली घेतले होते; शकुननं ते तेवढ्यात पाहिले. आभार मानायचा शब्द त्यांच्या बोलण्यात नव्हता आणि असता तरी मैनाबाईनं तो उडवून लावला असता.

"सरका तुमी," शकुन म्हणाली. "आज दोनी कामं मी करीन."

"येडी झाली का?"

"तुमाले जमलं, मले नाही जमत का? बसा तिकडं."

शेषरावानं लांबून पाहिलं. रेच्यावर दोघी दिसत होत्या. एक नुसती बसलेली असली तरी दिसत होती. तो पुन्हा मोजायला वळला. शकुननं उजव्या हातानं मूठ धरली, डाव्या हातात कापूस घेतला. पहिल्यांदा कापूस अडकला, मग मूठ अडकली. मैनाबाई सरकीच्या ढिगाला टेकून, पाय लांब करून बसली. तिनं कोणाच्या तरी टोपलीतला एक मुळा उचलला, पदराला पुसला आणि कडकन चावला.

"हळू फिरव वं," ती म्हणाली. "कोन पळून राहिलं आता?"